पाल्मिराचे पान, सारंगखेड्याचा हौद

शहाद्यात बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर दगडावर नावे कोरणारे एक दुकान आहे. देवळांचे देणगीदार, शाळेच्या खोल्या, समाध्या, बंगल्यांची फाटके, अशा सगळ्या पाट्या तिथे तयार होतात. पेपरातली नोकरी संपवून मी गावी परतलो आणि काही महिन्यांतच या दुकानात जाऊ लागलो. कोरण्याआधी मजकूर कागदावर छापून माझ्यापुढे येई. मी तो वाचून चुका दुरुस्त करी आणि खाली लाल पेनने सही करी. सही झाल्याशिवाय दगड मशीनवर चढत नसे. पेपरातली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते, दगडातली येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते.

दुकानाचा मालक साठी ओलांडलेला कारागीर. त्याच्या वडिलांनी दुकान सुरू केले, तेव्हा सगळे काम छिन्नी-हातोड्याचे होते. मुलगी तिशीची. तिने डीटीपी शिकून घेतले होते आणि दुकानातले सीएनसी मशीन तीच चालवत होती. संगणकावर मजकूर टाकायचा, मशीनला द्यायचा, पाण्याची धार सोडायची. काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरे उमटत जात. बाप शेजारी स्टुलावर बसून पाहत असे. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा.

कारागिराच्या वडिलांची एक पद्धत होती. नावाच्या दोन्ही बाजूंना ते एकेक पान कोरत. बदामाच्या आकाराचे, आडवे, मागे आखूड देठ. माणूस हयात असेल तर दोन्ही पानांची टोके नावाकडे असत. माणूस गेलेला असेल तर टोके नावापासून बाहेर. हा नियम कोणत्याही पुस्तकात नाही आणि मला तो दुसऱ्या कोणत्याही दुकानात दिसला नाही. तापीकाठच्या गावांमधून फिरताना मी नंतर मुद्दाम पाहिले. देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर, समाधीच्या चौथऱ्यावर, चुन्याचे थर चढलेल्या जुन्या दगडांवर ती पाने होती आणि एकाही दगडावर नियम मोडलेला नव्हता. ज्यांच्या घरी असा दगड होता त्यांना नियम माहीत होता. इतरांना ती नक्षी वाटे.

कारागिरानेही आयुष्यभर हातानेच पाने कोरली. मशीन आल्यावर अक्षरे मशीनने आणि पाने हाताने, असे काही वर्षे चालले. हात थरथरायला लागल्यावर पाने थांबली. दोन वर्षांत दुकानातून एकही पान बाहेर गेले नव्हते. तो याबद्दल फार बोलत नसे. एकदा फक्त आमच्या बोलीत म्हणाला, "मन्हा हातसंगे पान बी गयं." माझ्या हाताबरोबर पानही गेले. ते मशीनवर आणता आले नाही तर त्याच्यानंतर ते कोणीच कोरणार नव्हते.

मुलीने प्रयत्न केला होता. जुन्या दगडांचे फोटो काढून पानाची रेघ संगणकावर ओढली होती. बापाला ते पटले नाही. चुन्याने बुजलेल्या कडा रेघेत जशाच्या तशा आल्या होत्या. तिलाही पटले नव्हते, पण वेगळ्या कारणाने.

"बाबा, चित्र नको," ती म्हणाली. "चित्र दरवेळी हाताने बसवावं लागतं. कधी मोठं होतं, कधी खाली घसरतं, कधी मी विसरते. अक्षर पाहिजे. टाइप केलं की आलं पाहिजे."

"पान काय अक्षर शे का?"

"आजोबा कागदावर मजकूर लिहायचे तेव्हा पान कुठे काढायचे?"

"ओळमा," बाप म्हणाला. त्याचे वडील आधी कागदावर मजकूर लिहून काढत आणि त्यात पान ओळीतच असे, पहिल्या अक्षराआधी आणि शेवटच्या अक्षरानंतर.

"मग ते अक्षरच झालं," मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही शोधा ना. तुम्हाला पेपरात सगळं शोधायची सवय."

शोधायला कारणही तेव्हाच मिळाले. सारंगखेड्याच्या एका म्हातारीचे काम आले होते. तापीकाठच्या गुजर घरातली, केळी आणि उसाची शेती असलेली. यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो त्या वाटेवर तिने घोड्यांना पाणी पिण्यासाठी हौद बांधून घेतला होता. बाजार भरण्याआधी त्यावर तिच्या नावाची पाटी लागायची होती. तिच्या नवऱ्याच्या समाधीचा दगड कारागिराच्या वडिलांनी कोरला होता, बाहेर टोके असलेल्या पानांसह. फोनवर तिने एकच अट घातली. आपल्या दगडावरही पान हवे, टोक आत. पान नसेल तर दगड नको.

कारागिराने तिला नाही म्हणायला हवे होते. त्याने आठ दिवसांची मुदत मागितली.

युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. 'क'ला क्रमांक आहे, मात्रेला आहे, पूर्णविरामालाही आहे. क्रमांक ठरला की शहाद्यातल्या फोनवर आणि दुसऱ्या खंडातल्या संगणकावर तेच चिन्ह उमटते. नोकरीची शेवटची काही वर्षे पेपरचा मजकूर याच क्रमांकांत टाइप होत असे, पण मला ते गरजेपुरतेच माहीत होते. आता पहिल्यांदा मी ती यादी पेपर वाचावा तशी वाचायला बसलो. पानांची चिन्हे सापडायला वेळ लागला नाही. जुन्या छापखान्यांत ओळी सजवायला वापरत ते वेलीचे पान त्यात होते. मी ते छापून दुकानात नेले.

कारागिराने कागद दूर धरून पाहिला. देठ वळणावळणाचा, पान एका कुशीवर कललेले.

"हाई पान झोपेल शे," तो म्हणाला. "मन्हा बापनं पान चालस."

मुलगी हसली. "बघा काका, आता चालणारं पान शोधा."

ते तीन दिवसांनी सापडले. मी ते शोधत होतो त्या भागात ते नव्हतेच. सजावटीच्या चिन्हांमध्ये नाही, फुलापानांमध्ये नाही. मृत लिप्यांच्या यादीत, पाल्मिरा नावाच्या शहराच्या लिपीखाली ते होते. आधी त्या लिपीची बावीस अक्षरे येतात, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'न'चे वेगळे रूप धरून तेवीस चिन्हे. त्यांच्यानंतर दोन पाने, आणि मग आकडे. एक शून्य आठ सात सात: डावीकडे टोक असलेले पान. एक शून्य आठ सात आठ: उजवीकडे टोक असलेले पान.

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. त्यापलीकडे त्या दुपारी काही करता आले नाही.

पाल्मिरा हे आजच्या सीरियातले वाळवंटातले शहर. पाणी आणि खजुरीची झाडे असलेली जागा, व्यापारी तांड्यांच्या वाटेवरची. तिथले लोक अरामी भाषा बोलत आणि ती स्वतःच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहीत. ही लिपी सुमारे सतराशे वर्षांपूर्वी वापरातून गेली. दगडांवर उरली. त्यातले बरेच दगड थडग्यांचे आहेत: माणसाचा चेहरा, शेजारी त्याचे नाव, बापाचे नाव, आणि अनेकदा शेवटी एक छोटा शब्द, ज्याचा अर्थ 'अरेरे' असा होतो. पाने बहुधा आकड्यांच्या शेजारी येतात.

या शहराची बातमी मी एकदा डेस्कवर लावली होती. युद्धात तिथली प्राचीन कमान सुरुंगाने उडवण्यात आली होती. एजन्सीचा मजकूर लांब होता, जागा कमी होती, मी तो चार ओळींत बसवला. शहरात कोण राहत होते, ते काय लिहीत होते, हे चार ओळींत आले नाही.

तिथले व्यापारी जहाजांनी आपल्या वायव्य किनाऱ्यापर्यंत येत असल्याचे त्यांच्या शिलालेखांवरून दिसते. त्यावरून तापीच्या खोऱ्याशी धागा जोडण्याचा मोह होतो. पुरावा काही नाही. कारागिराच्या वडिलांनी पान कुठून घेतले हे त्यालाही माहीत नाही; दुकानाच्या मागे पिंपळ होता, एवढेच तो सांगतो. दोन माणसे दोन वेगळ्या काळांत दगडासमोर बसली, नाव संपले तिथे हात थांबला नाही, आणि पुढे पान आले. मी याहून जास्त काही लिहू शकत नाही. याहून जास्त काही हवे असेही मला वाटत नाही.

मला खरा अचंबा वाटला तो पुढच्या गोष्टीचा. हे पान यादीत घ्यावे म्हणून कोणीतरी प्रस्ताव लिहिला होता. मी तो वाचला. कोरड्या भाषेत, कार्यालयीन अर्जासारखा. ज्या लिपीत आज कोणीही आईला पत्र लिहीत नाही, तिच्या प्रत्येक चिन्हाची नोंद. त्यात अक्षरांबरोबर पानांनाही जागा होती, आणि पानही एक नव्हे, दोन, कारण टोक कुठे आहे हा फरक त्यांनी फरक म्हणून मानला होता. कोणीतरी दगडांच्या फोटोंवर वाकून पाने पाहिली असणार. ती झिजलेली असणार. पाहणाऱ्याला ती कोरणाऱ्याचे नाव माहीत नव्हते आणि ती कोणाला लागतील हेही माहीत नव्हते. तरी जगातल्या प्रत्येक संगणकाने त्यांच्यासाठी दोन जागा कायमच्या राखून ठेवाव्यात, असे ठरले. कमान पडली, ते दोन क्रमांक कोणी काढून घेणार नाही, नियमच तसा आहे. दिलेला क्रमांक परत घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पाने मोठी करून छापली आणि कारागिरापुढे ठेवली. त्याने कागद उचलला नाही. थरथरणारे बोट त्याने पानाच्या कडेवरून फिरवले, देठापर्यंत नेले आणि परत टोकाकडे आणले.

"हाई कोठलं?"

मी सांगितले. वाळवंट, थडगी, उजवीकडून लिहिणारे लोक.

"यास्ले कोनी सांगं?" तो म्हणाला. यांना कोणी सांगितले?

मुलगी लगेच विचारायला लागली. "टोक आत कधी, बाहेर कधी, त्यांचा काय नियम होता?"

मी सांगितले की माहीत नाही. असा काही नियम असल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

"नियम आपला राहील," कारागीर म्हणाला. "पान त्यासनं."

त्या लिपीचा फॉन्ट फुकट मिळत होता. मुलीने तो संगणकावर घेतला, पानाची जाडी वाढवून आजोबांच्या पानाशी जुळवली आणि दोन कळांवर दोन पाने बसवली. मजकूर तीन ओळींचा होता. वर 'मुक्या जनावरांसाठी पाणी', मध्ये म्हातारीचे नाव, खाली गावाचे. नावाच्या ओळीत आधी उजवीकडे टोक असलेले पान, मग नाव, मग डावीकडे टोक असलेले पान. दोन्ही टोके नावाकडे. छापलेला कागद माझ्यापुढे आला. मी तीन वेळा वाचला, तिच्या आडनावातली वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली. दगड मशीनवर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे टेम्पोतून सारंगखेड्याला गेलो. दगड मागे, रात्री कारागीर घरी गेल्यावर मशीनवरून उतरवून धुळीसकट गोणपाटात गुंडाळलेला. कारागीर एरवी पाट्या पोचवायला जात नसे. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता.

यात्रेचे मैदान अजून रिकामे होते. घोडेवाल्यांची पाले पडायला अवकाश होता. खुंटे ठोकायला खड्डे तेवढे घेतले जात होते. हौद वाटेच्या कडेला, लिंबाच्या सावलीत. म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, काळा चष्मा. मुलगा केळीच्या गाडीमागे शेतात होता, म्हणून ती एकटीच आली होती. गवंड्याने सिमेंट कालवून ठेवले होते.

"उना का रे पोऱ्या," ती कारागिराला म्हणाली. साठीचा माणूस पोऱ्या झाला आणि त्याने वाकून पाय धरले. "हात कसा शे?"

"हालस, माय."

"मन्हं डोकं बी हालस. चालस." आणि गवंड्याकडे बोट करून, "हाऊ कालदिनथून बसेल शे. सिमेंटपेक्षा चहा जास्ती पी गया."

"माय, चहा तूच देस ना," गवंडी म्हणाला.

दगड हौदाच्या कठड्यावर टेकवून गोणपाट काढले. उन्हात काळा ग्रॅनाइट चमकला. मुलीने फडक्याने धूळ पुसली. म्हातारी उठून जवळ आली आणि चष्मा काढून डोळे दगडाजवळ नेऊन पाहू लागली, पण तिने वाचले नाही. तिने बोट लावले. नवऱ्याच्या समाधीचा दगड ती दरवर्षी तिथीला स्वतः धुते; पानाची कड तिच्या बोटांना पाठ होती. बोट डाव्या पानावरून गेले. थांबले. मग नावावरून उजव्या पानाकडे गेले आणि तिथेही थांबले.

"माले मारी टाकं का रे पोऱ्या?"

कोणाला काही कळले नाही. कारागीर पुढे झाला. त्याने पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. मग मी पाहिले. डावे पान डावीकडे टोक करून होते. उजवे उजवीकडे. दोन्ही टोके नावापासून बाहेर होती.

"आजून जित्ती शे मी," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुकानदाराला सुटे पैसे परत करताना बोलावे तसा तिचा स्वर होता.

मी खिशातून सही केलेला कागद काढला. कागदावर टोके आत होती. दगडावर बाहेर. मुलगी कागदाकडे आणि दगडाकडे आळीपाळीने पाहत राहिली. मशीनच्या पडद्यावर तिने अक्षर न् अक्षर तपासले होते. दोन बाजूंना दोन पाने दिसली, तिने पुढे पाठवले. सगळे आयुष्य मीही तसेच वाचत आलो होतो. शब्द वाचायचे, कडेची फुले कोणी वाचत नाही.

"माय, माल घट्ट होई ऱ्हायना," गवंडी म्हणाला. "लावू का नको?"

"गप रे."

कारागीर दगडासमोर उकिडवा बसला होता. "टेम्पोमा टाक," तो मुलीला म्हणाला. "घरी जाईसन फोडसूत. आजपासून पान बंद. दगडवर फक्त अक्षरं."

"बाबा—"

"बंद म्हन्ना ना."

म्हातारी खुर्चीवर परत बसली. तिने काठी जमिनीवर टेकवली. "फोडस कसाले? मांगली बाजू कोरी शे ना?"

कारागिराने वर पाहिले.

"मांगे मन्हं नाव टाक. नीट. पानसंगे, टोक मजार, नावकडे. हाई बाजू भिताडकडे राहू दे." तिने तळहात उलटा करून दाखवला. "मी गई का मंग दगड पलटाडी द्या. दुसरा दगड लागाव नही. एक दगडमा दोन काम."

गवंडी आधी हसला. "माय, सिमेंटमा लावसू त मंग पलटाडशात कसा?"

"तुले कोनी सांगं सिमेंट लाव? स्क्रू लाव."

"दोन दिनथून सिमेंट कालवी ऱ्हायनू मी!"

"तुन्हा दारनी पायरी तुटेल शे, तठे लाव."

कारागीर हसला नाही. "माय, पान मशीनवर येत नही. देखं ना तू. चुकस ते. मन्हा हात चालत नही."

"पान नही त दगड नही," म्हातारी म्हणाली. "हाई मी पहिलेच सांगेल शे. बजार भरस तवलगून टाइम शे तुले."

परत येताना टेम्पोत मुलगी फोनवर काहीतरी शोधत होती. शहादा जवळ आले तेव्हाही तिने मान वर केली नाही. दुकानात पोचल्यावर ती थेट संगणकाकडे गेली.

कारण सापडायला तिला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला. तिने ते बापाला कागदावर चित्र काढून समजावले आणि मी शेजारी उभा राहून ऐकले. यादीत प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकासोबत आणखी एक नोंद असते: हे चिन्ह कोणत्या दिशेने चालते. आपली अक्षरे डावीकडून उजवीकडे. पाल्मिराची उजवीकडून डावीकडे. ते पान नक्षी असले तरी ते त्या लोकांच्या ओळीतले होते, म्हणून त्याच्या नोंदीत त्यांची दिशा लिहिलेली होती. तिच्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये ओळीची दिशा मराठीची, आधीच ठरलेली. कागद म्हणूनच बरोबर आला. मशीनचा प्रोग्राम मात्र ओळीतले पहिले अक्षर पाहून दिशा ठरवत होता. पहिले अक्षर पान होते. मशीनने ओळ पाल्मिराची मानली. डाव्या बाजूचे पान उजव्या बाजूला गेले, उजव्या बाजूचे डावीकडे आले. मधले नाव मराठीच राहिले, जसेच्या तसे, वेलांटीसुद्धा बरोबर.

मुलीचे बोलणे संपले. मी खुर्ची ओढून बसलो. चूक माझ्याही सहीखाली झाली होती आणि तिची लाज होती. पण त्या क्षणी लाजेहून मोठे काहीतरी समोर होते. शहर उजाड झाले, लिपी वाचणारे गेले, कमान पडली. आणि शहाद्यातल्या एका दुकानात, ग्रॅनाइटवर कोरताना, त्या पानाला आपण कोणत्या बाजूने चालत होतो हे ठाऊक होते. त्याने मराठी ओळ आपल्या दिशेने वळवून घेतली होती.

कारागिराने मुलीने काढलेल्या बाणांवरून बोट फिरवले.

"म्हंजे पान चुकनं नही," तो म्हणाला.

"नाही," मुलगी म्हणाली. "ते बरोबर चाललं. आपण त्याला विचारलं नाही."

"चालस ते," तो म्हणाला. ते चालणारे पान आहे, हे त्यानेच आधी सांगितले होते. "आते त्याले कसं सांगशी?"

त्यालाही यादीत उत्तर होते. एक चिन्ह असे आहे की ते दिसत नाही. त्याला उच्चार नाही, रुंदी नाही, कागदावर ते जागा घेत नाही. ते फक्त एवढे सांगते की इथून पुढे डावीकडून उजवीकडे. ओळीत सर्वांत आधी, पानाच्याही आधी ते टाकले की ओळ आपली राहते आणि पान आपल्या जागी थांबते. मुलीने ते टाकले. मशीनच्या पडद्यावर पाने जागा बदलून आत वळली. तिने ते चिन्ह काढले, पाने बाहेर गेली. परत टाकले, आत आली. तिने हे चार-पाच वेळा केले आणि बापाने प्रत्येक वेळी मान हलवली. मीही पाहत राहिलो. न दिसणाऱ्या चिन्हालाही कोणीतरी क्रमांक दिला होता.

दगडाची मागची बाजू खडबडीत होती. ती घासून पॉलिश करायला दोन दिवस लागले. कारागिराने दगडाची जाडी पट्टीने मोजली. दोन्ही बाजूंनी कोरूनही मध्ये पुरेसा दगड राहत होता. आधी फुटक्या लादीच्या तुकड्यावर एकच ओळ कोरून पाहिली. ती त्याने डोळे मिटून बोटाने वाचली, म्हातारीने वाचली तशी. मग दगड मशीनवर चढला. मी नवा कागद तपासला आणि सही करण्याआधी, नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी केले नव्हते ते केले: पेनचे टोक आधी डाव्या पानावर ठेवले, मग उजव्यावर, आणि नंतर मजकूर वाचला.

पाटी बाजार भरण्याआधी लागली. गवंड्याने हौदाच्या भिंतीत चार छिद्रे पाडली आणि पितळी फुलांचे स्क्रू बसवले. तोपर्यंत पहिले घोडे आले होते. एक मारवाडी घोडी हौदात तोंड घालून पाणी पीत होती आणि तिचा मालक पाटी वाचत होता. म्हातारीने दगडावरून बोट फिरवले, डावीकडून उजवीकडे, आणि दुसऱ्या पानाच्या देठावर हात तसाच ठेवला.

"आते बरं शे," ती म्हणाली. मग गवंड्याला म्हणाली, "एक स्क्रू उघाडी दखाड."

"आते?"

"आतेच. मंग गंजी जाई, तुम्ही आठी बसशात रडत."

गवंड्याने वरच्या कोपऱ्यातला एक स्क्रू सोडवून दाखवला. दगड कोपऱ्यातून किंचित पुढे आला आणि फटीत क्षणभर मागच्या बाजूच्या पानाचे टोक दिसले, बाहेर वळलेले. तिने ते पाहिले की नाही मला सांगता येणार नाही. चष्मा तिच्या हातात होता. "ठीक शे," ती म्हणाली. गवंड्याने स्क्रू परत घट्ट केला.

कारागिराने गवंड्याचा स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि दगड पलटायच्या दिवसासाठी सोबत नेला. तो दुकानात मशीनच्या वर, वडिलांच्या छिन्नीशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. त्यानंतर दुकानातून गेलेल्या प्रत्येक पाटीवर पाने आहेत.